ओटीतला नारळ

चाकणच्या जुन्या गावठाणात एक घर आहे, तिथं दर रविवारी मी मालकीण असते. आठवड्याचे बाकीचे दिवस मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते, तिथली मालकीण माझी सून. हे मी तिच्यासमोरच सांगते आणि तीच आधी हसते, तेव्हा त्यात काही वाकडं शोधू नका.

ते चाकणचं घर म्हणजे म्युझियम आहे. पूर्वी एका कांदा-धान्याच्या व्यापाऱ्याचं होतं. त्याच्या वारसांनी ते एका ट्रस्टला दिलं, ट्रस्टनं कुठल्याशा कंपनीच्या मदतीनं ते नीटनेटकं करून घेतलं, आणि आता तिथं कपाटात जुन्या वस्तू ठेवल्यात तशी माणसंही ठेवतात. म्हणजे आम्हाला. एक रिटायर झालेले गृहस्थ मुनीम होऊन गादीवर बसतात, एक बाई जात्यावर दळते, आणि मी स्वयंपाकघरात नि माजघरात मालकीण म्हणून वावरते. लोक तिकीट काढून येतात आणि शंभर वर्षांपूर्वी घर कसं चालायचं ते आमच्याकडे बघून समजून घेतात. आकुर्डी-निगडीकडच्या शाळांच्या सहली येतात, कंपन्यांतले लोक बायकामुलांना घेऊन येतात, आणि बाहेर हायवेवर कंटेनर खोळंबलेले असताना आत आम्ही चुलीवर फुंकणीनं फुंकत असतो.

हे काम मला सुनेनंच शोधून दिलं. मोबाईलवर जाहिरात दाखवून म्हणाली, "आई, दिवसभर तुम्ही मला जे सांगता ते तिथं सांगा. तिकीट काढून ऐकतील लोक." टोमणा होता का? होता की. पण तिनंच मला पहिल्या दिवशी गाडीवर मागं बसवून तिथं सोडलं, हेही खरं.

तिथल्या मॅडम वयानं माझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या. पण काम मन लावून करणाऱ्या. कुठली वस्तू कुठल्या काळातली, पदर कसा घ्यायचा, चूल कशी सारवायची, सगळं वाचून, विचारून, टिपून ठेवलेलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून एक नियम सांगितला. "काकू, उंबरा ओलांडून आत आलात की तुम्ही तुम्ही नाही. कुणी काहीही विचारलं तरी भूमिका सोडायची नाही. तुम्ही भूमिका सोडलीत की लोक परत पार्किंगमध्ये जाऊन पडतात."

मला नियम फार आवडला. मी शाळा चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि नंतर वाचनालयात बसून शिकले. नाटकात कधी कुणी घेतलं नाही. इथं मात्र मला जमायचं. पोरं मुद्दाम खोड काढायला विचारायची, आजी तुमच्या वायफायचा पासवर्ड काय. मी म्हणायची, हे कुठलं रे फळ, आमच्या बाजारात नाही आलं अजून. सगळे हसायचे. मुनीमसुद्धा गादीवरून मान वळवून हसायचे, आणि मग मॅडमची नजर गेली की परत वहीत डोकं घालायचे.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे यजमान भोसरीला वर्कशॉपमध्ये टर्नर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता काही मी पांढरं नेसत नाही. टिकली लावते, हातात दोन बांगड्या असतात, सून रागावून घालायला लावते. आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की मलाही बोलावतात, "या ना काकू, आता कोण पाळतं हे सगळं," असं म्हणतात. मी जाते. मग कुंकवाचा करंडा घेतलेली बाई रांगेनं येते, माझ्याजवळ आली की तिचं बोट जरासं थबकतं, आणि ती मला तिळगूळ देऊन पुढं जाते. कुणी वाईट नाही त्यात. बोट आपलंच थबकतं. माझंही थबकलं असतं.

आणि त्या म्युझियममध्ये मला दर रविवारी ठसठशीत कुंकू लावायचे. नऊवारी, नथ, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. पहिल्या दिवशी आरशात बघितलं आणि मी पटकन नजर काढून घेतली. दुसऱ्या रविवारी काढली नाही. तिसऱ्या रविवारी मी वेळेच्या आधीच गेले, म्हणजे आरशासमोर जरा जास्त बसायला मिळेल. हे सुनेला माहीत नाही. आता ती वाचेल तेव्हा कळेल.

चैत्रात मॅडमनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू मांडायचं ठरवलं. शंभर वर्षांपूर्वी व्हायचं तसंच. गौर झोपाळ्यात, पुढं कलिंगडाची कमळं, आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बाहेर मोठा फलक लावला, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, सर्व महिलांना आग्रहाचं आमंत्रण. खाली बारीक अक्षरांत तिकिटाचं आणि वेळेचं होतं.

दुपारी घर भरलं. बायका गॉगल डोक्यावर सरकवून फोटो काढत होत्या, मुलं झोपाळ्याला हात लावत होती. मी एकेकीला हळदीकुंकू लावत होते, हातावर अत्तर, मुठीत हरभरे. कुणीतरी मागून म्हणालं, मालकीणबाई, नाव घ्या. हे आमच्या कार्यक्रमात होतंच. मला उखाणा लिहून दिला होता, त्यात त्या व्यापाऱ्याचं नाव. मी पदर सावरला आणि म्हटलं,

"आंब्याच्या डहाळीला कैऱ्यांचा भार,
... रावांचं नाव घेते, उघडं ठेवा दार."

मधलं नाव इथं लिहीत नाही. पण ते त्या व्यापाऱ्याचं नव्हतं. ते ह्यांचं होतं. कसं आलं तोंडात, देव जाणे. इतक्या वर्षांत ते नाव मी फक्त रेशनच्या दुकानात आणि दवाखान्यात उच्चारलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कळलं नाही. मॅडमनी फक्त भुवया वर केल्या आणि हातानं खूण केली, चालू द्या.

त्यानंतर ओटी भरून दाखवायची होती. त्याचीही रीत ठरलेली. प्रेक्षकांतली एखादी बाई पाटावर बसवायची, तिची तांदूळ-नारळ-खणानं ओटी भरायची, सगळ्यांना समजावून सांगायचं. मग ती मागच्या पडवीतून बाहेर पडायची, आणि तिथं कॉलेजची एक मुलगी एक क्रेट घेऊन उभी असायची. नारळ आणि खण त्या क्रेटमध्ये परत. तेच पुढच्या खेपेला. शहरातल्या बायकांना ते आपोआप कळायचं. फोटो झाला की त्या स्वतःच हसत नारळ परत ठेवायच्या.

मी म्हटलं, कोण बसतंय पाटावर? आणि कुणी काही बोलायच्या आत गर्दीतून एक मुलगी पुढं आली आणि पाटावर बसली.

पोट चांगलंच दिसत होतं. लग्नातली असावी अशी साडी, डोक्याला तेल, चापूनचोपून वेणी, वेणीत मोगरा. हातात पर्स नाही, फोन नाही, एक हातरुमाल घट्ट धरलेला. ती तशी आली होती जशी आपण खरोखरच्या हळदीकुंकवाला जातो. तिनं फलक वाचला होता, आग्रहाचं आमंत्रण, आणि ती आली होती. दारावरच्या मुलानं तिची अवस्था आणि बाहेरचं ऊन बघून तिकीट न मागता तिला आत सोडलं, हे मला नंतर कळलं. म्हणजे तिला कुठंच कुणी सांगितलं नव्हतं, की बाई, हा खेळ आहे.

मी वाकले तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, आठवा लागलाय. सातव्यात कुणी भरलीच नव्हती. आई गावाकडं हाय, लातूरकडं. सासूबाई न्हाईत."

तिचा नवरा इथल्याच एका कारखान्यात कंत्राटी कामाला, शिफ्टमधून येऊन झोपलेला. इथं तिचं कुणी नाही. एवढं सगळं ती पाटावर बसल्या बसल्या दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली.

आणि मी तिची ओटी भरली. खेळ म्हणून नाही भरली, खरं सांगते. माझ्या लेकीची भरावी तशी भरली. पाच वेळा ओंजळीनं तांदूळ घातले, खण, नारळ, वर मुठीमुठीनं हरभरे. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि माझ्या तोंडून आलं, "सुखरूप मोकळी हो, बाई." तिनं डोळे मिटले होते.

मग तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "मावशी, काका कुठं हायेत? तुमच्या दोघांच्या जोडीनं पाया पडते."

हा तो क्षण. भोवती बायका उभ्या, मॅडम दाराशी उभ्या, डोक्यात नियम. मी सहज, अगदी सहज म्हणाले, "जुन्नरच्या बाजाराला गेलेत. येतीलच दिवेलागणीला."

आणि मला सांगायची लाज वाटते, पण ते बोलताना मला छान वाटलं. येतीलच. असं किती वर्षांत म्हटलं नव्हतं मी. भोसरीच्या खोलीत सेकंड शिफ्टच्या दिवशी शेजारीण विचारायची तेव्हा म्हणायची, येतीलच आता. तेवढ्या एका शब्दासाठी मी त्या पोरीला खोट्या जोडीचा आशीर्वाद दिला. ती एकटीच माझ्या पाया पडली, वाकता येत नव्हतं तरी पडली, आणि ओटी दोन्ही हातांनी धरून पडवीकडे गेली.

माजघरातून पडवी दिसते. माझ्यासमोर पुढचे लोक आले होते, एक गृहस्थ विचारत होते, पन्ह्यात वेलची घालायचे की जायफळ. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या खांद्यावरून पडवीकडेही. कॉलेजची ती मुलगी हसून तिला काहीतरी म्हणाली आणि क्रेट दाखवला. हिला कळेना. मुलीनं परत सांगितलं, नारळ आणि खण इथं ठेवायचाय. ही तशीच उभी. ओटी अजून घट्ट धरलेली. मग मुलीनं अगदी अदबीनं, ताई ताई करत, तिच्या पदरातून नारळ उचलून घेतला. खण घेतला. ती बिचारी सांगितलेलं काम करत होती, तिला मी दोष देत नाही.

मग या पोरीला वाटलं असावं की सगळंच परत द्यायचं असतं. तिनं पदराचा ओचा सोडला आणि तांदूळ, हरभरे, सगळं त्या क्रेटमध्ये ओतलं. मुलगी नको नको म्हणत होती. हिनं पदर झटकला, चिकटलेला एखादा दाणा राहू नये म्हणून हातानं पुसला, आणि बाहेर उन्हात निघून गेली.

आठव्या महिन्यातल्या बाईचा भरलेला पदर माझ्या डोळ्यांदेखत रिकामा झाला, आणि मी त्या गृहस्थांना सांगितलं, वेलची.

हाक मारता आली असती. बारा पावलांवर पडवी. ओरडता आलं असतं, अगं थांब, ते तुझं आहे, घेऊन जा. फार तर काय, भूमिका सुटली असती, लोक पार्किंगमध्ये जाऊन पडले असते. पण माझ्या कपाळावर ते मोठं कुंकू होतं, नाकात नथ होती, लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि मला मालकीण राहायचं होतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी कपाळ इतकं चोळून पुसलं की कातडी लाल झाली. सून म्हणाली, ॲलर्जी आली वाटतं कुंकवाची. मी हो म्हटलं.

तुम्ही म्हणाल, आजी, एवढं काय त्यात. नारळच तो. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. रिकाम्या ओटीनं काही होत नसतं, विधवेच्या हातानं काही होत नसतं, होतं ते डॉक्टरच्या हातानं आणि बीपीच्या गोळीनं. हे मला पटतं. पण मला पटून काय उपयोग? पटतं की नाही ते तिला विचारायला हवं होतं, आणि ती तर खोलीवर एकटी. पोटात जरा दुखलं की तिच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, मी की क्रेट? आणि वर आणखी एक होतं. मी ओटी भरली तीच मुळी भरायला नको होती, तिच्या लेखी. ती मला सवाष्ण समजली होती. दोन्हीकडून चुकले ती मीच.

बुधवारी मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काकू, माझी चूक झाली. पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हटलं, तुमचा नियम. त्या म्हणाल्या, "असल्या वेळीसुद्धा?" नियमावर ढकलून बघितलं, ते काही चिकटलं नाही. त्यांनी त्याच दिवशी क्रेट बंद करून टाकला. आता ज्या बाईची ओटी भरतो ती नारळ घरी नेते.

पण ती पोरगी?

मॅडमकडून सुट्टी घेतली आणि रविवारी मी सकाळीच चाकणला उतरले. एक चांगला नारळ घेतला, हिरवा खण घेतला, घरून तांदूळ आणले होते. गावठाणाच्या कोपऱ्यावर बांगड्यांचं दुकान आहे, तिथल्या चाचांना मी ओळखते, माझ्या मालकिणीच्या बांगड्या त्यांच्याकडूनच येतात. त्यांना खाणाखुणा सांगितल्या. लातूरकडची, दिवस भरत आलेले, केसात मोगरा. चाचा लगेच म्हणाले, "ती व्हय, पाण्याच्या टाकीमागच्या चाळीत. हिरव्या बांगड्या घालून गेली माझ्याकडून, तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी. सांगत होती, मला हळदीकुंकवाला बोलावलंय." मग माझ्या पिशवीतल्या नारळाकडे बघून पुढं काही विचारलं नाही.

चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग. दारात ती बसली होती, पाय सुजलेले. मला आधी ओळखलंच नाही तिनं. नथ नाही, नऊवारी नाही, साधी टिकली लावलेली म्हातारी. मग ओळखलं, आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, आता दार लावेल. तेवढ्यात आतून एक बाई आली. तिची आई. दोनच दिवसांपूर्वी गावाहून आली होती.

"ह्याच का गं त्या मावशी?" आईनं विचारलं. मुलीनं मान हलवली. आणि त्या बाईनं दारातच माझे दोन्ही हात धरले. "या, आत या. लई उपकार झाले बगा तुमचे. फोनवर सांगितलं हिनं, मोठ्या घरच्या मावशीनं ओटी भरली मनून. माझा जीव निम्मा झाला व्हता, त्या दिवशी पोटभर जेवले मी."

मी मुलीकडे बघितलं. ती एव्हाना उठून आत गेली होती, आईच्या पाठीमागे गॅसजवळ, चहाचं भांडं हातात. तिनं मान अगदी थोडी हलवली. नको. मला कळलं. ओटी भरली एवढंच तिनं आईला सांगितलं होतं. परत घेतली, हे नाही सांगितलं.

मला कॉटवर बसवलं. आईनं कोनाड्यातून करंडा काढला, आल्या सवाष्णीला कुंकू लावायचं म्हणून, आणि बोट बुडवून माझ्या कपाळाकडं आणलं. ते बोट थबकत नव्हतं. सरळ येत होतं.

मी म्हटलं, "थांबा. मला नका लावू. मी सवाष्ण नाही."

तिचं बोट तसंच हवेत. "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी ते म्युझियमचं नाटक होतं. कुंकू त्यांचं, नथ त्यांची. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. हिनं विचारलं तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

तिनं ते बोट हळूच करंड्याच्या काठाला पुसलं. रागावली. आवाज नाही चढवला, पण रागावली. "जाणत्या बाईनं असं करावं का? लेकरू एकटं व्हतं माझं."

"नाही करायला पाहिजे होतं."

"तिला आठवा चालू. तुमाला दिसत व्हतं की."

"दिसत होतं."

मी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, तांदळाची पुडी काढली, आणि तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "तुम्ही भरा आता. आईच्या हातानं. ती पहिली धरूच नका."

तिनं नारळ उचलून कानाशी हलवून बघितला, सवयीनं. मग म्हणाली, "पहिली धरू नका म्हंजे? पदरात घेतलेली ओटी परत निघती व्हय?"

मुलगी गॅसकडं तोंड करून उभी होती. तिची पाठ मला दिसत होती. मी काही बोलले नाही. आता बोलले असते तर ते तिच्यावरच गेलं असतं.

आईनं खणाची घडी उलगडली. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "वर अजून एक भरू. दोन झाल्या तर काय बिघडतंय." आणि लेकीला म्हणाली, "ये गं, बस हितं. भांडं ठेव आधी खाली."

पाट नव्हता, चादरीची घडी घातली. मी उठून दाराशी जाऊन बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आईनं तिला कुंकू लावलं आणि ओटी भरली. मुलगी खाली मान घालून बसली होती. नारळ पदरात पडला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी असा धरला की हातातल्या बांगड्या कोपराकडे चढल्या. आई म्हणाली, अगं सोड, फोडायचाय का आत्ताच. ती हसली नाही. ओटी आवरली तरी बराच वेळ नारळ तिच्या हातातच होता.

चहा दिला मला. निघताना आईनं एका फडक्यात बांधून तुरीची डाळ दिली, घरच्या शेतातली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "आमच्याकडं रिकाम्या हातानं जात न्हाईत. खरं बोललात तुमी, दुसरी कुणी बोलली नसती."

मुलगी चाळीच्या टोकापर्यंत आली. तिथं थांबून म्हणाली, "मावशी, आईला ते दुसरं कळलं असतं तर ती बाळ होईपर्यंत झोपली नसती."

मी विचारलं, आणि तू?

ती म्हणाली, "आज झोपंन."

एवढंच बोलून ती परत गेली, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू.

हायवेला बस उशिरा आली. उभी होते तेव्हा मला आपलं बरं वाटायला लागलं होतं, की चला, निस्तरलं. आणि मग ह्यांची आठवण आली आणि ते बरं वाटणं गेलं. कारण मी तिथं काय केलं होतं? दोष कुठं टाकून आले होते? त्या पोरीचा पदर रिकामा झाला तो मी गप्प बसले म्हणून. तोंड माझं होतं, ते मी उघडलं नाही. आणि खोलीत मी सांगितलं काय, तर हे नाहीत म्हणून तसं झालं. एकदा त्यांना जिवंत केलं स्वतःच्या हौसेसाठी, दुसऱ्यांदा त्यांचं मरण पुढं केलं. त्या माणसानं जन्मात कुणाचं काही परत घेतलं नाही. पोरीसाठी केलं, तिचं झाकायला केलं, हे खरं आहे. पण मला ते सोयीचंही पडलं, हेही खरं आहे, आणि त्या आईनं तर मला खरं बोलणारी म्हणून डाळ बांधून दिली.

मुलगी झाली तिला. दोघी सुखरूप. फोन तिनंच केला, मागं बाळ रडत होतं आणि आई कुणावर तरी ओरडत होती. बारशाला या म्हणाली. मी गेले, मागं बसले, पाळण्याला हात नाही लावला. तिनं दोनदा बोलावलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात, इथूनच बघते.

डाळ अजून आहे. सून कौतुक करते, म्हणते असली डाळ इकडं मिळत नाही, पटकन शिजते आणि गोड लागते, कुणी दिली विचारा आणि अजून मागवा. मी म्हटलं, ओळखीच्या एका बाईनं दिली. सगळे मिटक्या मारत जेवतात. मी माझ्या पानात आमटी घेते थोडीशी, भात जास्त घेते, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून वाटी नातवाकडे सरकवते.